अपूर्ण संहितेचा न्याय : एका प्रेक्षकाच्या आठवड्याच्या नोंदी

१

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी मराठीत जे लेखन होते त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिल्यात वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून होणारी मालिकांची ओळख किंवा टवाळी येते. दुसऱ्यात या माध्यमाच्या सामाजिक परिणामांविषयी चिंता व्यक्त करणारे विवेचन येते. दोहोंमागे एक समान गृहीतक आहे. मालिका पाहणाऱ्याला मालिकेविषयी मत असते. मात्र त्या मताला समीक्षेचा दर्जा देण्याचे कारण नाही, असे ते गृहीतक. प्रेक्षकाचे मत ही आवडनिवड असते, फार तर समाजशास्त्रज्ञाने गोळा करण्याजोगी सामग्री असते. त्या मतामागे काही निकष असतील, त्यात रूपाचे काही भान असेल, ही शक्यता आपण सहसा विचारात घेत नाही. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी एका प्रेक्षकाने एका मराठी दैनंदिन मालिकेच्या सहा भागांविषयी केलेल्या नोंदी आधाराला घेतल्या आहेत.

हा प्रेक्षक म्हणजे माझी आई. तिचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले आहे. २०१८च्या पावसाळ्यात माझ्या आत्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवस तिला टीव्ही पाहण्याची मनाई होती. या दोघी नणंदा-भावजया वेगवेगळ्या गावी राहतात. पण संध्याकाळची एक मालिका दोघी आपापल्या घरी पाहतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याविषयी फोनवर बोलतात. आत्याचा आठवडा बुडणार म्हणून आईने सोमवार ते शनिवारच्या भागांच्या नोंदी किराणा-हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर करून ठेवल्या. वर लिहिले, 'वन्संसाठी'. मी त्या आठवड्यात घरी होते आणि सहाही भाग तिच्याबरोबर पाहिले. मालिकेचे नाव येथे देत नाही. विवेचनाचा विषय नोंदी हा आहे, आणि त्या आठवड्यात जे घडले ते त्या काळातील कितीतरी मालिकांत घडत होते.

कथानक थोडक्यात असे : धाकट्या दिराने घर गहाण टाकल्याचे कागद थोरल्या सुनेच्या हाती लागतात. सासऱ्यांना हे सांगावयाचे की नाही, हा आठवड्याचा प्रश्न. नोंदींतील महत्त्वाची वाक्ये पुढे देत आहे.

सोमवार : 'कागद सापडले. देवापुढे म्हणाली, उद्या सांगते.'

मंगळवार : 'सांगितले नाही. दाराशी उभी राहिली. सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवले. पाणी घातले.'

बुधवार : 'हळदीकुंकू. गोष्ट पुढे गेली नाही. साड्या चांगल्या.'

गुरुवार : 'सासरे म्हणतात धाकट्यावर माझा विश्वास. गणपतीत यांनीच हिला सांगितले होते की धाकट्याच्या हाती व्यवहार देऊ नका. लिहिणारे विसरले, आपण विसरलो नाही.'

शुक्रवार : 'काम छान केले तिने, पण तिच्याकडून नुसते रडून घेतात. आज बोलली असती तर घर मोडले असते, पण ती राहिली असती.'

शनिवार : 'सांगायला तोंड उघडले आणि संपले. सोमवारपर्यंत थांबा.'

२

या नोंदींकडे समीक्षा म्हणून पाहू लागताच पहिली अडचण निर्माण होते ती समीक्षेच्या एका मूलभूत अटीची. आपली समीक्षा पूर्ण झालेल्या कृतीविषयी बोलते. आदि, मध्य आणि अंत असलेली क्रिया ही ॲरिस्टॉटलची अट असो, किंवा सौंदर्यानुभवाच्या मुळाशी बा. सी. मर्ढेकरांनी मानलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे असोत, घटकांचे परस्परसंबंध न्याहाळण्यासाठी संपूर्ण कृती समोर असावी लागते. अर्ध्या कृतीचा समतोल कसा ठरविणार?

दैनंदिन मालिका ही अट मोडीत काढते. २००१मध्ये ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' ही मालिका २०१३मध्ये संपली तेव्हा तिचे तीन हजारांहून अधिक भाग झालेले होते. या मालिकेची 'संपूर्ण संहिता' कोणी पाहिली असेल? तिचे लेखन करणाऱ्यांनाही सुरुवातीला तिचा शेवट ठाऊक असण्याचे कारण नाही. अशा कृतीविषयी निर्णय करावयाचा तर तो ती चालू असतानाच करावा लागतो. तेव्हा प्रेक्षक अपूर्ण कृतीवर मत देतो हा त्याचा उतावीळपणा मानता येणार नाही. त्या रूपबंधाने त्याला दिलेली ती एकमेव जागा आहे.

हप्त्याहप्त्याने कथा ग्रहण करण्याची सवय मराठी मनाला नवी नाही. चातुर्मासात श्रीधरांच्या 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' या ग्रंथांतील रोज एकेक अध्याय ऐकण्याची प्रथा घरोघरी व देवळांतून होती, आणि तिचा श्रोतृवर्ग प्रामुख्याने स्त्रियांचा होता. पोथी थांबली की ऐकलेल्या भागावर बोलणे होई. मात्र येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. पोथीतील कथेचा शेवट श्रोत्यांना ठाऊक असतो. कौरवांचे काय होणार ही उत्सुकता तेथे नसते. आज ते कसे सांगितले जाते ही असते. अपूर्णता असते ती सादरीकरणापुरती.

मराठी कादंबरीने ही अपूर्णता कथेत आणली. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९०पासून 'करमणूक' या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. यमूचे पुढे काय होणार हे त्या वेळच्या वाचकाला खरोखरच माहीत नव्हते, आणि ते कळण्यासाठी त्याला थांबावे लागत होते. आपण ती कादंबरी एकसंध पुस्तक म्हणून वाचतो आणि तिच्यातील साप्ताहिकतेच्या खुणांना 'पाल्हाळ' म्हणतो. आठवडाभराचे अंतर ठेवून वाचणाऱ्याला तो पाल्हाळ वाटला असेल की मागील धागा हाती देणारी सोय, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. वुल्फगांग इझर यांनी एकोणिसाव्या शतकातील क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांच्या संदर्भात असे दाखविले आहे की, दोन हप्त्यांमधील खंड हा वाचकाच्या कल्पनाशक्तीला कामाला लावणारा घटक असतो. तीच कादंबरी पुस्तकरूपाने हाती आली की तिचा परिणाम बदलतो. हे विवेचन मालिकेला लागू पडते. पण इझर यांचा वाचक ही रिकामी जागा एकट्याने भरतो. आईच्या वहीतील रिकामी जागा दुपारच्या फोनवर दोघींमध्ये भरली जाते. नोंदींतील 'आपण विसरलो नाही' या शब्दांतील अनेकवचन त्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

३

आता नोंदींमागील निकष पाहू. माझ्या मते ते तीन आहेत : वचन, स्मरण आणि न्याय.

सोमवारी मालिकेने एक वचन दिले, 'उद्या सांगते'. मंगळवारची नोंद त्या वचनाचा हिशेब मागते. 'पाणी घातले' हा वाक्प्रयोग मालिकांच्या संदर्भात आता सर्वत्र रूढ आहे आणि तो आपण तक्रार म्हणून ऐकतो. पण आईने त्याआधी कारण दिले आहे, 'सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवले.' जेरार जेनेत यांनी कथेचा काळ आणि कथनाचा काळ यांत जो भेद केला आहे त्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर, येथे कथा थांबलेली आहे आणि कथन चालू आहे, हे तिने टिपले आहे. ते कोणत्या दृश्यतंत्राने साधले हेही टिपले आहे. बुधवारच्या नोंदीत हळदीकुंकवाच्या प्रसंगाचे सारे प्रयोजन 'साड्या चांगल्या' एवढ्यात आटोपते. कथेला काही देऊ न शकणारा प्रसंग नेपथ्य देतो. ते तिने नाकारले नाही, आणि त्याला कथाही म्हटले नाही.

गुरुवारचा आक्षेप स्मरणाचा आहे. पात्राच्या वर्तनातील सुसंगती हा आपल्याकडील पात्रचित्रणाच्या चर्चेतला जुना निकष. पण पुस्तकाच्या वाचकाला मागील पान उलटता येते. त्या आठवड्यात आईला तशी सोय नव्हती. गणपतीतला प्रसंग तिच्यापाशी केवळ आठवण म्हणून होता. दैनंदिन मालिका अनेक हातांनी लिहिली जाते. कथा, पटकथा आणि संवाद यांचे लेखक पुष्कळदा वेगळे असतात आणि मध्येच बदलतातही. अशा वेळी मालिकेची एकसंधता कोठे नांदते, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर 'नियमित प्रेक्षकाच्या स्मरणात' असेच द्यावे लागेल. संहितेचा राखणदार येथे प्रेक्षक असतो. 'लिहिणारे विसरले' हे वाक्य त्या अधिकाराने आलेले आहे.

शुक्रवारच्या नोंदीत प्रथम अभिनेत्री, भूमिका आणि भूमिका घडविणारे यांच्यात तिने स्पष्ट भेद केला आहे. मालिका पाहणाऱ्या स्त्रिया पात्रांनाच खरी माणसे समजतात, हा आपल्याकडील लाडका समज या एका वाक्याने डळमळीत व्हावा. त्यानंतरचे वाक्य मात्र वेगळ्या जातीचे आहे : 'आज बोलली असती तर घर मोडले असते, पण ती राहिली असती.' हा न्यायाचा निकष. मालिकेच्या रचनेत घर टिकणे आणि सून टिकणे या दोन गोष्टी एकच मानलेल्या आहेत. सुनेचे मौन म्हणजे तिचा थोरपणा, आणि तो ठसविण्यासाठी पार्श्वसंगीतापासून देवघरातील समईपर्यंत सर्व चिन्हे राबविलेली आहेत. आईने त्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मालिका ज्या विचारव्यूहावर उभी आहे त्याची शिवण नेमकी कोठे उसवते हे तिने एका वाक्यात सांगितले. या वाक्याचा आमच्या घराच्या इतिहासाशी काय संबंध आहे, हे सांगण्याचे येथे कारण नाही. त्या रात्री मी ते वाचले आणि वही मिटून ठेवली, एवढेच नोंदविते.

भरताच्या नाट्यशास्त्रात सिद्धीच्या विवेचनात प्रेक्षकांचा विचार विस्ताराने आला आहे. प्रयोगाचे मूल्यमापन करणाऱ्या प्राश्निकांत तेथे यज्ञवेत्ता, नर्तक, छंद आणि व्याकरण जाणणारा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक अशा निरनिराळ्या व्यवसायांतील जाणकार सांगितले आहेत. रंगभूमीवर जे दाखविले जाते ते ज्याने प्रत्यक्ष जगून अथवा करून पाहिले आहे त्याचे मत ग्राह्य, हे त्यामागील तत्त्व. धनुष्य कसे धरावे हे धनुर्धराने सांगावे. त्याच प्रकरणात, कोणाला काय रुचते हे सांगताना मात्र भरत स्त्रियांना बालक व मूर्ख यांच्याबरोबर बसवतो आणि त्यांची रुची हास्य व नेपथ्य यांत असल्याचे म्हणतो. भरताचे पहिले तत्त्व मान्य केले तर त्याचे दुसरे विधान टिकत नाही. सुनेच्या मौनाविषयीच्या नाट्याला प्राश्निक कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच तत्त्वातून निघते.

४

प्रेक्षकाचा निर्णय मालिकेच्या हेतूविरुद्ध जाऊ शकतो, याचे भारतीय दूरचित्रवाणीतील ठळक उदाहरण म्हणजे दूरदर्शनवरील 'हम लोग'. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका जुलै १९८४मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर १९८५मध्ये संपली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी विकसित केलेल्या लोकशिक्षणपर मालिकांचा आदर्श तिच्यामागे होता. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येत आणि घडलेल्या प्रसंगाचा अर्थ प्रेक्षकांशी बोलत. म्हणजे भागाबरोबर त्याचे भाष्यही पुरविले जाई. सर्व काही सोसणारी भागवंती ही आई असे सोसू नये हे दाखविण्यासाठी योजलेली होती. परंतु अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात असे आढळले की, अनेक प्रेक्षकांनी तिच्यातच आदर्श स्त्री पाहिली. अधिकृत भाष्यकार प्रत्येक भागात हजर असूनही प्रेक्षकांनी आपले भाष्य सोडले नाही.

या उदाहरणाने आपण सावध व्हावयास हवे. येथे निर्मात्यांचा हेतू पुरोगामी होता आणि अनेक प्रेक्षकांचे वाचन परंपरानिष्ठ. आईच्या वहीत नेमके उलट घडले आहे. प्रेक्षकाचे वाचन स्वायत्त असते एवढेच यातून सिद्ध होते; ते नेहमी मुक्तीच्या दिशेने जाते असे सिद्ध होत नाही. प्रेक्षककेंद्री समीक्षेत हा भेद पुष्कळदा पुसला जातो.

इएन आंग यांनी नेदरलँड्समध्ये एका स्त्रियांच्या नियतकालिकात जाहिरात देऊन 'डॅलस' या अमेरिकी मालिकेविषयी प्रेक्षकांची पत्रे मागविली. आलेल्या ४२ पत्रांवर त्यांचे प्रसिद्ध पुस्तक उभे आहे. त्यातील एक निरीक्षण आपल्याला फार जवळचे वाटावे. मालिका न आवडणाऱ्यांची पत्रे आत्मविश्वासाने लिहिलेली होती. 'हे व्यापारी आहे, साचेबंद आहे' अशी तयार भाषा त्यांच्यापाशी होती. ज्यांना ती आवडत होती त्यांना मात्र आपल्या आवडीचे समर्थन करावे लागत होते. मालिकांना नावे ठेवण्याची भाषा संस्कृतीकडून आयती मिळते आणि त्या बळावर आपण चिकित्सक आहोत असे वाटू लागते. आठवड्याच्या सुरुवातीला माझी अवस्था याहून निराळी नव्हती. मंगळवारी मी 'साचेबंद' म्हणाले. आईने चेहरे मोजले होते.

तानिया मोदलेस्की यांनी मालिकेच्या स्त्री-प्रेक्षकाची कल्पना एका आदर्श मातेच्या रूपात केली आहे : सर्व पात्रांच्या बाजू समजून घेणारी, कोणाच्याही बाजूने निर्णायक कौल न देणारी, कारण मालिकेला शेवटच नसतो. रचनेने प्रेक्षकाला कोठे बसविले आहे याचे हे वर्णन म्हणून ते मार्मिक आहे. प्रत्यक्ष प्रेक्षक त्या आसनावर बसतोच असे नाही. आईच्या नोंदीत धाकट्या दिराची बाजू कोठेही समजून घेतलेली नाही. ती कौल देते, आणि शेवट होण्याची वाट न पाहता देते.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून नोंदींचा गौरव करणे हाच या लेखाचा हेतू आहे असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्यांची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्या सहाही भागांत घरातील मोलकरीण पडद्यावर होती. गहाणखताचे कागद कपाट आवरताना प्रथम तिलाच सापडतात आणि ती ते सुनेच्या हाती देते. म्हणजे आठवड्याच्या कथानकाला चालना देणारी कृती तिची आहे. वहीत तिचा उल्लेख एकदाही नाही; 'कागद सापडले' या कर्तृहीन वाक्यात ती नाहीशी झाली आहे. घर मोडले तर तिचे काय होईल, हा प्रश्न मालिकेने विचारला नाही आणि आईनेही विचारला नाही. मीही तो नोंदी दुसऱ्यांदा वाचताना विचारला. भाग पाहताना माझ्याही ते लक्षात आले नव्हते. मालिकेची चौकट सुनेच्या बाजूने उसवणारा हा प्रेक्षक दुसऱ्या बाजूने त्याच चौकटीत आहे. अभ्यासकाच्या समीक्षेला काम उरते ते येथे : प्रेक्षकाचे निकष समजून घेऊन, त्या निकषांना जे दिसत नाही ते दाखविणे. प्रेक्षकाला अडाणी मानून हे काम करता येत नाही, आणि त्याचा जयजयकार करूनही करता येत नाही.

दुसरी बाब प्रेक्षकाच्या मताच्या वाटेविषयी आहे. 'हम लोग'च्या काळात प्रेक्षक पत्रे लिहीत, आणि सुरुवातीच्या भागांवरील नाराजीनंतर त्या मालिकेतील कुटुंबनियोजनाचा थेट प्रचार सौम्य करण्यात आला, हे नोंदले गेलेले आहे. पुढे खाजगी वाहिन्यांच्या विस्ताराबरोबर मालिकांचे भवितव्य प्रेक्षकसंख्येच्या मोजणीशी बांधले गेले. ज्या संस्थेची साप्ताहिक मोजणी २०१५पासून प्रमाण मानली जाऊ लागली त्या 'बार्क'चा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो. आईचा आठवडा सोमवारी देवापुढच्या वचनाने सुरू झाला आणि शनिवारी उघडलेल्या तोंडापाशी थांबला. मोजणीचा आठवडा तिच्या आठवड्याला जेथे कापतो तेथे तिच्या लेखी काहीच संपलेले नसते. शिवाय मोजणी निवडक घरांत होते. आमच्या घरी तसे यंत्र नव्हते. ते असते तरी काय नोंदले गेले असते? सहाही दिवस टीव्ही चालू होता, एवढेच. मंगळवारी पाणी घातले आणि शुक्रवारी अन्याय झाला, हे त्या आकड्यात मावले नसते. मौन लांबविणारा आठवडा यशस्वी ठरला असता, कारण ते मौन संपण्याची वाट पाहत ती बसून होती. जिचा आक्षेप आहे तिचीच उपस्थिती आक्षेपविषयाच्या बाजूने मोजली जावी, ही या व्यवस्थेतील विसंगती केवळ अर्थकारणाची म्हणून सोडून देता येणार नाही. आस्वाद आणि निर्णय यांना एकच मानल्याचा तो परिणाम आहे, आणि या दोहोंतील भेद सांभाळणे हे तर समीक्षेचे जुने काम.

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात आपण वाचककेंद्री सिद्धान्त शिकवितो. याऊस यांचे अपेक्षांचे क्षितिज, इझर यांचा अध्याहृत वाचक ही प्रकरणे विद्यार्थी टिपून घेतात आणि परीक्षेत लिहितात. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी जी चर्चा होते तिच्याशी या प्रकरणांचा काही संबंध आहे, असे त्यांना वाटत नाही. आपण तसे वाटू दिलेले नाही. अशा नोंदी, फोनवरील बोलणी, शेजारणींचे वाद हे जमविणे आणि त्यांचे वाचन एखाद्या परीक्षणाचे करावे तितक्याच काटेकोरपणे करणे, हे काम हाती घेण्याजोगे आहे. त्यातून मालिकांचा दर्जा वाढेल असा माझा दावा नाही. निर्णय करण्याची क्षमता समाजात कोठे कोठे विखुरलेली आहे आणि ती कोठे अडते, याचे ज्ञान मात्र वाढेल.

आत्याची पट्टी निघाल्यावर ती आमच्याकडे आली. आईने वही काढून सहाही दिवस वाचून दाखविले. आत्याने मध्येच विचारले, 'मग सांगितलं का तिनं?' आई म्हणाली, 'वन्सं, सांगितलं नाही. पण तिनं सांगायला हवं होतं, हे आधी ऐका.' समीक्षेची याहून वेगळी सुरुवात मला तरी माहीत नाही.